मोटर कुणाच्या हुकमाने चालू होते?

घरातली आणि शेतातली यंत्रे आपोआप चालावीत ही हौस शहरातून तालुक्यात आली, असे समजले जाते. उमरखेडकडे पाहिले तर तसे दिसत नाही. पैनगंगेच्या या खोऱ्यात कालव्यावर आणि विहिरी-बोअरवर ऊस, हळद, सोयाबीन पिकते. इथे स्वयंचलन कित्येक वर्षांपासून आहे. त्याला कुणी ‘स्मार्ट’ म्हटले नाही, एवढेच. गच्चीवरची टाकी भरली की खालची मोटर बंद करणारा फ्लोट स्विच, एक फेज गेला की स्टार्टर पाडून मोटर जळू न देणारा प्रिव्हेंटर, वीज आली की पंप चालू करणारा ऑटो, गावातले खांबावरचे दिवे संध्याकाळी लावून पहाटे मालवणारा टायमर ही सगळी स्वयंचलनाचीच उपकरणे आहेत. यातले एकही आपले काम करण्याआधी इंटरनेटला विचारत नाही. पाण्याची पातळी टाकीतच मोजली जाते आणि निर्णयही टाकीजवळच होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत वाय-फायवर चालणारे बल्ब, प्लग, कॅमेरे आणि मोबाईल स्टार्टर आले, तेव्हा हा निर्णय घराबाहेर, पुष्कळदा देशाबाहेर गेला. तो पुन्हा घरात आणता येतो का, आणावा का, आणि आणायचा तर त्यासाठी उपकरणाची आतली रचना सर्वांना खुली असणे का गरजेचे आहे, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. जिथे वीज आणि इंटरनेट या दोन्हींचा भरवसा नाही, तिथे स्थानिक नियंत्रण ही हौशी तंत्रज्ञांची आवड राहत नाही, ती पहिली अट होते. आणि खुल्या रचनेशिवाय ती अट फार काळ पाळली जात नाही.

आधी यंत्रणा कशी चालते ते पाहू. बाजारातला साधा वाय-फाय बल्ब घ्या. फोनवर बटण दाबले की संदेश घरातल्या राउटरवरून बाहेर पडतो, कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे खाते तपासले जाते आणि आज्ञा त्याच राउटरवरून परत येऊन दहा फुटांवरचा बल्ब लावते. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी वस्तूंच्या मागे एकच मंच असतो, चीनमधल्या हांगचौ शहरातल्या तुया या कंपनीचा. स्थानिक नियंत्रणात हा फेरा नसतो. घरात एक लहान संगणक ठेवायचा, जुना लॅपटॉपही चालतो, आणि सगळ्या उपकरणांनी त्याच्याशीच बोलायचे. यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर पाउलस स्खाउट्सन या डच प्रोग्रामरने २०१३ मध्ये सुरू केले. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. उपकरणांमध्ये भरायचे ईएसपीहोम आणि टॅस्मोटा हे प्रोग्रामही खुले आहेत. असे प्रोग्राम भरलेली पुष्कळ उपकरणे एकमेकांशी एमक्यूटीटी या भाषेत बोलतात. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहामार्फत पाठवण्यासाठी तयार झाली. जोडणी कमजोर आणि महाग असणार, हे गृहीत धरूनच ती रचलेली आहे. तालुक्यातल्या परिस्थितीला ती शोभते, यात नवल नाही.

दूरच्या सर्व्हरवर विसंबण्याचे काय होते, याचा पुरावा आता भरपूर साठला आहे आणि तो मोठ्या, श्रीमंत कंपन्यांच्या वस्तूंचा आहे. गुगलच्या मालकीच्या नेस्टने रिव्हॉल्व्ह ही कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिच्या ग्राहकांच्या घरातली मध्यवर्ती पेटी बंद पाडली. पेटीत बिघाड कोणताच नव्हता. लोव्ज या अमेरिकी दुकानसाखळीने आयरिस ही यंत्रणा मार्च २०१९ मध्ये गुंडाळली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एका रात्रीत गप्प झाले. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची इंटरनेट सेवा २५ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. इन्स्टिऑनची हकिकत जास्त बोलकी आहे. तिची उपकरणे एकमेकांशी विजेच्या तारेतून आणि रेडिओवरून बोलत. ज्यांनी ती घरातल्या स्वतंत्र नियंत्रकाला किंवा होम असिस्टंटला जोडली होती त्यांचे दिवे चालूच राहिले, आणि ज्यांचा भर कंपनीच्या ॲपवर होता त्यांच्या हाती बटणे तेवढी उरली. वस्तू एकच आणि घटनाही एकच असताना परिणाम वेगळे झाले, ते निर्णय कुठे होत होता यावरून. कंपनी बुडायलाच हवी असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, इकडे दिवाळी चालू असताना, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि अलेक्सा, रिंगच्या दारघंट्या यांच्यासह जगभरातल्या असंख्य सेवा काही तास अडखळल्या.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, आणि २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना-बीड भागात, मोबाईल इंटरनेट प्रशासनाने काही दिवस बंद ठेवले. उमरखेड विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सांध्यावर आहे. तालुका यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेचा मतदारसंघ हिंगोली. दोन्हीकडच्या घडामोडींचे पडसाद इथे उमटतात. इंटरनेट बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण बंदीच्या काळात पिकाला पाणी द्यावेच लागते, आणि ज्या स्टार्टरला सर्व्हरची परवानगी लागते तो त्या दिवसांत लोखंडी डबा ठरतो. इंटरनेट सुरू असतानाही फोनची रेंज, मनोऱ्याची बॅटरी, डेटाचा रिचार्ज यांपैकी काहीतरी अधूनमधून संपतेच. हे सगळे जुळून आले तरच पाणी चालू होणार असेल, तर ती सोय म्हणता येत नाही.

तरीही फक्त ‘इंटरनेट नको’ म्हणून भागत नाही. हे समजण्यासाठी शेतपंपाच्या ऑटोकडे नीट पाहावे लागते. शेतीला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाचे आणि रानडुकरांचे भय असते; पैनगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत तर बिबट्याचेही. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो बसवतो, वीज आली की मोटर आपोआप उठते आणि माणूस घरी झोपतो. ऑटो पूर्णपणे स्थानिक आहे, स्वस्त आहे, कुणाला काही विचारत नाही. आणि महावितरण वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सांगत आले आहे की ऑटो वापरू नका, मोटरला कॅपॅसिटर बसवा. कारण खरे आहे. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर असताना सात-साडेसात अँपिअर घेते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र थेट स्टार्टरवर पाच ते सात पट. एका डीपीवर अशा वीस मोटरी असल्या आणि वीज आल्या आल्या सगळ्या एकाच क्षणी उठल्या, तर दाब कोसळतो, फ्यूज उडतात, कधी रोहित्रच जळते. मग ते बदलून मिळेपर्यंत त्या वीस जणांचे पीक उन्हात. ऑटो एकेका शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणा आहे, आणि सगळ्यांचे ऑटो मिळून मूर्खपणा करतात.

यावर तोडगा अवघड नाही. वीज आल्यावर प्रत्येक स्टार्टरने स्वतःपुरता एक यादृच्छिक आकडा काढायचा, समजा एक ते पंधरा मिनिटांमधला, आणि तेवढे थांबून मोटर लावायची. वीस मोटरी पंधरा मिनिटांत विखुरल्या जातील आणि डीपीवरचा सुरुवातीचा धक्का वाटला जाईल. यासाठी एकमेकांशी बोलायची गरज नाही, सर्व्हर नको, सिम नको. दोनशे-तीनशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर हे काम काही ओळींत होते. त्यात विहीर उपसली की बंद, दाब कमी असला की थांब, फेज उलटा असला की चालू नको, अशी भर घालता येते. हे आज होत नाही, कारण ऑटोचा डबा बंद आहे. आतला विलंब असलाच तर बहुधा कारखान्यात ठरलेला असतो. सर्किटवर काळे इपॉक्सी ओतलेले, चिपवरचा क्रमांक खरवडलेला. शेतकऱ्याला, गावातल्या मेकॅनिकला, इतकेच काय महावितरणच्या अभियंत्यालाही त्यातला एक आकडा बदलता येत नाही. म्हणून महावितरणपुढे ‘वापरू नका’ एवढे सांगणेच उरते, आणि रात्रीच्या पाळीला घाबरणारा शेतकरी ते ऐकत नाही. स्थानिक नियंत्रण आणि खुली रचना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून दिसते. पहिलीने निर्णय शेतात राहतो; तो निर्णय चुकीचा ठरला तर सुधारायला दुसरी लागते.

दुरून पंप चालवण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला एक चांगले उदाहरण दिले आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी घडवलेले ‘नॅनो गणेश’ हे उपकरण साध्या मोबाईल फोनवरून पंप चालू-बंद करते आणि पंपापाशी वीज आहे की नाही तेही कळवते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. त्याची मूळ रीत लक्षात घेण्यासारखी आहे: शेतकऱ्याचा फोन थेट पंपावरच्या मोडेमला लागतो. मध्ये दूरसंचार कंपनीचे जाळे असते, पण खाते, पासवर्ड आणि वर्गणी मागणारा तिसरा कुणी नसतो. नंतरच्या काळात बाजारात जे मोबाईल स्टार्टर आले त्यांपैकी अनेकांत ॲप आणि सर्व्हर घुसले. पहिली एक-दोन वर्षे सेवा फुकट आणि पुढे दरवर्षी पैसे. ॲपवर आलेख सुंदर दिसतो, हे मान्य. पण पंपाचे चालणे त्या वर्गणीला बांधले गेले, हा व्यवहार स्टार्टर विकताना शेतकऱ्याला क्वचितच समजावून सांगितला जातो. दूरनियंत्रण हवेच, त्याला विरोध नाही. पंपाने मात्र आपले नियम स्वतःपाशी ठेवावेत. दूरचा माणूस ते बदलू शकेल, पण तो गैरहजर असला म्हणून पंप अडणार नाही, ही मर्यादा पाळली पाहिजे.

खुले हार्डवेअर म्हणजे काय, याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, सगळे फुकट मिळते. दुसरा, सगळे उघड असते. प्रत्यक्षात उपकरणाचा आराखडा, भागांची यादी आणि आतला प्रोग्राम प्रसिद्ध केलेला असतो आणि तो कुणालाही पाहण्याची, बनवण्याची, बदलण्याची, विकण्याचीही परवानगी असते. इटलीतल्या इव्रेया गावातल्या एका डिझाइन संस्थेत २००५ मध्ये सुरू झालेला आर्डुइनो बोर्ड हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या नकला जगभर, आपल्याकडेही, स्वस्तात मिळतात आणि त्या कायदेशीर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेण्याची घोषणा केली तेव्हा अनेकांना काळजी वाटली, ती रास्त होती. पण आधी प्रसिद्ध झालेले आराखडे कोणतीही कंपनी परत घेऊ शकत नाही. खुलेपणाचा खरा उपयोग असा मालक बदलताना कळतो. दुसरीकडे मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. घरगुती स्वयंचलनाचा सगळा डोलारा ज्या वाय-फाय चिपांवर उभा आहे, शांघायच्या एस्प्रेसिफची २०१४ ची ईएसपी८२६६ आणि नंतरची ईएसपी३२, त्यांच्या रेडिओचा प्रोग्राम बंदच आहे. म्हणजे बोर्ड खुला, पण मधली चिप परदेशी आणि अंशतः झाकलेली. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे रिस्क-व्ही या खुल्या रचनेवरचे भारतीय प्रोसेसर आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा ठेवायला जागा आहे, पण तालुक्याच्या दुकानात ईएसपीइतक्या सहज ते मिळतील तो दिवस अजून यायचा आहे. तोवर अर्धवट खुले असलेले पूर्ण बंदपेक्षा बरे, असे मी मानतो, कारण दुरुस्तीला जे लागते ते बहुतेक या उघड्या अर्ध्यात असते.

परवानगी नसताना उघडण्याचे प्रयत्नही झाले आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. तुयाच्या जुन्या उपकरणांत ईएसपी चिप होती. २०१९ च्या सुमारास काही कुशल मंडळींनी त्यांतला एक कच्चा दुवा शोधला आणि डबा न उघडता आत खुला प्रोग्राम भरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. कंपनीने तो दुवा बुजवला. पुढे उपकरणांत दुसऱ्याच कंपनीच्या चिपा आल्या आणि मंडळींना पुन्हा पहिल्यापासून कष्ट करावे लागले. असे कुलूप फोडण्यावर समाजाची सोय उभी राहत नाही. ग्राहकाने घेतलेली वस्तू त्याला रीतसर उघडता आली पाहिजे. २०२२ मध्ये प्रकाशात आलेल्या मॅटर या मानकात उपकरणांनी घरातल्या घरात, सर्व्हरशिवाय बोलावे अशी अट आहे, ही चांगली गोष्ट. मात्र मॅटर असलेली वस्तू दुरुस्त करता येईलच असे नाही. ते मानक बोलण्याचे आहे, रचनेचे नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्यात घेणाऱ्यांशी माझे पटत नाही. घरातली वीज २३० व्होल्टची असते. स्वस्त रिले बोर्डवर दहा अँपिअर छापलेले असले तरी तो आकडा साध्या, झटका न देणाऱ्या भाराचा असतो; दोन हजार वॉटचा गीझर नऊ अँपिअर सतत ओढतो आणि मोटरीचा पहिला झटका त्या रिलेची टोके चिकटवून टाकतो. अशा प्रयोगात आग लागू शकते, माणूस दगावू शकतो. पण यातून खुले हार्डवेअर वाईट असा निष्कर्ष निघत नाही. मोठा प्रवाह तोडण्या-जोडण्याचे काम आयएसआय खुणेच्या कॉन्टॅक्टरने आणि एमसीबीने करावे, गळती पकडायला आरसीसीबी असावा, जोडणी परवानाधारक वायरमनने करावी. खुल्या बोर्डने फक्त कॉन्टॅक्टरला ‘हो’ किंवा ‘नको’ सांगावे. मेंदू खुला, स्नायू प्रमाणित, अशी ही विभागणी आहे. कारखान्यांतले पॅनेल अशाच तत्त्वावर बांधले जातात. शिवाय आपल्या घरांना एक फायदा आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या घरांत स्विचच्या डब्यात न्यूट्रल तार नसते, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच बसवणे कटकटीचे होते. आपल्याकडे बटणांच्या बोर्डावरच सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल तिथे बहुधा आलेलीच असते. जुनी बटणे तशीच ठेवून मागे नियंत्रक बसवता येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने बटण दाबले की दिवा लागलाच पाहिजे, फोन असो वा नसो. ज्या रचनेत ही अट पाळली जात नाही ती घरात घेऊ नये.

दुसरा आक्षेप असा की क्लाउडची वस्तू पाच मिनिटांत चालू होते, खुल्या वस्तूसाठी शिकावे लागते. तालुक्यात हे कोण करणार? आक्षेपात तथ्य आहे. होम असिस्टंटचा संगणक सांभाळावा लागतो. रास्पबेरी पायमध्ये मेमरी कार्ड असेल तर वारंवार वीज जाण्याने ते बिघडते, म्हणून एसएसडी लागते, इन्व्हर्टरची जोड लागते. प्रत्येक घराने हे स्वतः शिकावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. पण प्रत्येक घर आपली मोटरही स्वतः भरत नाही. उमरखेड, पुसद, ढाणकी, कुठेही जा, मोटर वाइंडिंग करणारा माणूस मिळतो. तो जळालेली मोटर उघडतो, वेटोळे मोजतो, तारेची जाडी पाहतो आणि नवे तांबे भरून देतो. त्याला कंपनीच्या परवानगीची, पासवर्डची गरज पडत नाही, कारण मोटरीची रचना डोळ्यांना दिसते आणि तिचे ज्ञान सार्वजनिक आहे. याच उघडेपणावर गावोगावचा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. त्याच पंपावरच्या इलेक्ट्रॉनिक डब्याला हा माणूस हात लावू शकत नाही; तो बदलून टाका एवढेच सांगू शकतो. खुले हार्डवेअर आले तर शिकण्याचे ओझे घराघरावर पडणार नाही, ते या दुकानांवर पडेल, आणि त्यांना ते पेलेल.

या दुकानांना शिकवायची सोयही नव्याने उभारायला नको. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे आणि गावाच्या गरजेतून तंत्रज्ञान घडवायचे हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅबची कल्पना मांडली तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये पाबळला आली. शाळा सोडलेली मुले तिथे सर्किट बनवायला शिकली. नीती आयोगाने २०१६ पासून देशभरच्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या; त्यांतल्या पेट्यांत आर्डुइनो असतोच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही केले आहेत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे तुकडे सगळे आहेत आणि एकमेकांना जोडलेले नाहीत. शाळेतला मुलगा आर्डुइनोवर दिवा लुकलुकवून स्पर्धेत बक्षीस घेतो आणि पुढे आयटीआयत जातो, तिथे त्याला स्टार्टर शिकवतात. तो लुकलुकणारा दिवा आणि हा स्टार्टर एकाच टेबलावर कधी येत नाहीत. ऑटोचा विलंब बदलणे हा या दोहोंना जोडणारा पहिला धडा होऊ शकतो, आणि त्याचा उपयोग त्याच हंगामात शिवारात दिसेल.

सुरक्षेचा दुसरा अर्थ माहितीच्या चोरीचा. खुला प्रोग्राम सर्वांना दिसतो, मग तो फोडणे सोपे नाही का, असे विचारले जाते. अनुभव उलटा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला, न बदललेला पासवर्ड वापरून. ती बंद डब्याचीच उपकरणे होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायझ कंपनीच्या सुमारे तेरा हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची चित्रे दिसली, कारण सगळ्यांची चित्रे एकाच ठिकाणी साठत होती. घरातले चित्र घराबाहेर गेलेच नाही तर ही चूक होऊ शकत नाही. अर्थात खुला प्रोग्रामही कुणी अद्ययावत केला नाही तर कुजतो, आणि घरचे नियंत्रक बेफिकिरीने इंटरनेटला उघडे ठेवणारेही आहेत. त्यांना खुलेपणा वाचवणार नाही.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. आवाजाने चालणारे घर म्हणजे इंग्रजी किंवा हिंदीत हुकूम देणे, ही सवय क्लाउडच्या स्पीकरांनी लावली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले व्हिस्पर हे खुले वाक्-ओळख प्रारूप मराठी ओळखते आणि घरच्या संगणकावर चालते, जरी चांगल्या अचूकतेसाठी ताकदवान संगणक लागतो. वऱ्हाडी वळणाचे बोलणे त्याला अजून नीट उमगत नसले, तरी खुल्या प्रारूपाला ते शिकवता येते.

वीज मीटरचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण स्वयंचलनाचा पुढचा टप्पा तिथून येणार आहे. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला राज्यभर विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांना ते बसवणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. त्यानंतर टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर आले. बिल महिनाअखेरीसच, पण वापर तासागणिक नोंदला जातो. १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. म्हणजे गीझर, पाण्याची मोटर, इस्त्री, कपड्यांचे यंत्र या वेळेत चालवले तर पैसे वाचतात. याचा फायदा घ्यायला कुणाचेही ॲप लागत नाही. घड्याळ ठेवणारा एक स्थानिक नियंत्रक पुरतो. तासागणिक वापराची माहिती मात्र आज कंपनीकडे जाते आणि ग्राहकाला ती कंपनीच्याच ॲपवर परत पाहावी लागते. घर केव्हा रिकामे असते, माणसे केव्हा झोपतात, हे त्या आकड्यांतून कळते, म्हणून त्यावर पहिला हक्क घराचा असायला हवा. तोवर एक साधा मार्ग आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि पाटीवर बहुधा ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असे छापलेले असते. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. त्या दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा संवेदक बाहेरून चिकटवला, मीटरला किंवा सीलला अजिबात धक्का न लावता, आणि ईएसपी बोर्डाने लुकलुकी मोजल्या, तर घराला आपला वापर क्षणाक्षणाला स्वतः कळतो. बिलावर शंका आली तर ग्राहकाच्या हाती स्वतःची नोंद असते. मीटरबद्दलचा अविश्वास भाषणांनी जाणार नाही, तो अशा पडताळणीने कमी होईल, आणि महावितरणचेही त्यात हितच आहे.

शेवटी सौर पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के. बाकी पैसा सरकारचा, आणि पुरवठादाराची दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. रात्रीच्या पाळीतून सुटका करणारी ही योजना चांगली आहे. दिवसा पाणी मिळाले की ऑटोचा प्रश्नच त्या शेतापुरता मिटतो. पण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतात आणि पंप दुरुस्त होतो. मधला कंट्रोलर हा यातला सर्वांत नाजूक आणि सर्वांत बंद भाग आहे. सहाव्या वर्षी तो बिघडला आणि पुरवठादार तोवर धंद्यातून उठलेला असला, तर शेतात धडधाकट पॅनेल आणि धडधाकट मोटर असूनही पाणी नसेल. पुढच्या पाच-सात वर्षांत हा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यात एकदमच उभा राहणार, कारण पंपही एकदमच बसत आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारे तिच्या कक्षेत होती. सौर पंपाचा कंट्रोलर हे आज त्यांतले सर्वांत महत्त्वाचे अवजार आहे. पुरवठादाराने आपले सगळे गुपित उघड करावे अशी माझी मागणी नाही. कंट्रोलरचा जोडणी-आराखडा, बिघाडाच्या संकेतांची मराठी यादी, बाहेरच्या जोडणीसाठीच्या पोर्टची भाषा आणि हमी संपताच शेतकऱ्याच्या हाती पासवर्ड, एवढे मिळाले तरी वाइंडिंगच्या दुकानातला माणूस किंवा आयटीआय झालेली मुलगी तो डबा दुरुस्त करू शकेल, नाहीतर त्याजागी दुसरा बसवू शकेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. योजना राबवणाऱ्या महावितरणने पुरवठादारांसाठीच्या तांत्रिक अटींत एक कलम वाढवले की पुरे, आणि ते पुढच्या निविदेपासूनच वाढवता येईल.